मला कुणी हरवेना

आमच्या तालुक्यात बॅडमिंटनमध्ये मला हरवायची कुणाची छाती नव्हती. ही फुशारकी नाही, रडगाणं आहे. अण्णांची मुलगी खेळतेय म्हटल्यावर समोरची पोरगी सर्व्हिस करायच्या आधीच मान खाली घालायची. रेषेवर बसलेले पीटीचे सर तर त्याहून वरचढ. माझं शटल हातभर बाहेर पडलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, ‘आत!’

अण्णा म्हणजे माझे वडील. ते आमदार-बिमदार नाहीत. पण कडा गावापासून आष्टीपर्यंत कुणाची बदली अडो, कुणाची विजेची डीपी जळो, माणूस आधी आमच्या ओट्यावर येऊन बसतो. गावात त्यांनी सभागृह बांधून घेतलं, तेव्हा माझ्या हट्टापायी फरशीवर पिवळ्या रंगानं कोर्टही आखून घेतलं. सभागृह मुळात लग्नांचं. त्यामुळे लग्नसराईत अर्ध्या कोर्टावर खुर्च्यांची चळत असायची आणि मागच्या रेषेला लागून नवरा-नवरीचा लाल मखमली कोच. उंच शटल घ्यायला मागे सरकले की कंबर त्या कोचावर आपटायची. कोच हलवा म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल, पण मी सांगायचा अवकाश, की चार माणसं धावत येऊन कोच पुसून जायची.

मी नववीत असताना तालुक्यात पहिली आले. आमची गाडी गावात पोचायच्या आधी फाट्यावर फ्लेक्स पोचला होता. हातात रॅकेट, डोक्याला फेटा, शेजारी हात जोडलेले अण्णा, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्यातला एकही शुभेच्छुक मॅच बघायला आला नव्हता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, उलट मी फेट्यात बरी दिसते असंच वाटलं.

डोळे उघडले ते डेन्मार्कच्या एका बाईमुळे.

बारावीनंतरची सुट्टी होती. एकटीनं कुठं जायचं नाही, गेलं तर गाडीनं, गाडीत ड्रायव्हर आणि ड्रायव्हरशेजारी अण्णांचा एक माणूस. त्यापेक्षा घरात पडून फोनवर मॅच बघणं बरं. अशीच एका संध्याकाळी ती दिसली. उंच, नाक लालभडक, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिच्याच देशात स्पर्धा चाललेली, सगळं सभागृह तिच्या नावानं ओरडत होतं, आणि ती हरायला आली होती. तिनं जिवाच्या आकांतानं एक शटल मारलं. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या माणसानं शांतपणे दोन्ही हात पसरले. बाहेर.

मी ताडकन उठून बसले. अहो, तो माणूस तिच्याच देशातला असणार! उद्या बाजारात, परवा कुणाच्या घरी कार्यक्रमात तिच्या घरच्यांशी गाठ पडेल, याची त्याला काही फिकीरच नाही? तिनं तक्रार केली, मोठ्या पडद्यावर दाखवलं, शटल नखभर बाहेर होतं. तिनं मान हलवली आणि पुढच्या सर्व्हिसला उभी राहिली. मी ते मागे नेऊन परत परत पाहिलं. खरं सांगायचं तर आधी मी त्या खुर्चीवरच्या माणसाच्या प्रेमात पडले, मग तिच्या.

त्यानंतर मी तिची पाठ सोडली नाही. सुरुवातीला ती पहिल्याच फेरीत गारद व्हायची. जपानची, चीनची मुलगी समोर आली की मी ‘झालं हिचं’ म्हणायचे आणि तसंच व्हायचं. मग हळूहळू एक फेरी, दोन फेऱ्या. एकदा ती एका मोठ्या स्पर्धेत थेट उपांत्य सामन्यापर्यंत गेली, तेव्हा मी शिरा केला आणि घरात कुणाला कारण सांगितलं नाही. तिचा बॅकहँड कच्चा होता. समोरच्या प्रत्येकीला ते माहीत होतं आणि जी ती निर्दयपणे तिथंच मारायची. वर्षभरानं बघते तर तोच बॅकहँड सुधारलेला. मला पटकन कळलं की माझा बॅकहँड कसा आहे हे मला ठाऊकच नाही. तिथं कधी कुणी मारलंच नव्हतं.

मग तिच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला. ऐन मॅचमध्ये. ती मागे वळून बघायला लागली, जणू कुणी पाठीमागून लाथ मारली, आणि खाली बसली. मीही मटकन बसले. बरेच महिने तिचं नावच दिसेना. परत दिसली ती तिच्या गावच्या क्लबात, एका छोट्या व्हिडिओत. साधा हॉल. एका कोर्टावर शाळेची पोरं, दुसऱ्यावर म्हातारेकोतारे, आणि मधल्या कोर्टावर ही, समोर पोट सुटलेला कुणी गावकरी. त्यानं तिला चक्क हरवलं. मग दोघं भिंतीला टेकून कॉफी प्यायली आणि तो आपली पिशवी उचलून घरी गेला. कुणी हार आणला नाही, कुणी माफी मागितली नाही. मला तिच्या पदकांचा कधी हेवा वाटला नाही, पण त्या संध्याकाळचा वाटला.

कारण माझ्याकडे नगरहून आठवड्यातून दोनदा प्रशिक्षक यायचा आणि तोसुद्धा माझ्याशी हरायचा. पुण्याला शिकायला जाते म्हटलं की अण्णा म्हणायचे, “इथं हॉल हाय, शटल हाय, मास्तर हाय. पुण्यात काय सोनं लागलंय?” मला कोंडल्यासारखं व्हायचं. दाराला कुलूप असतं तर लाथ तरी मारली असती. इथं सगळी दारं उघडी, प्रत्येक दारात माणूस हात जोडून उभा, आणि त्याच्यामुळे बाहेर पडता येत नाही.

बीडला जिल्ह्याची निवड होती. जिंकेल ती पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जाणार. अंतिम सामन्यात माझ्यासमोर एक काळीसावळी, काटकुळी मुलगी आली. शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉलची जाळी खाली ओढून खेळायला शिकलेली. उघड्यावर वारा असतो, उंच मारलेलं शटल बोरीच्या झाडात जाऊन बसतं, म्हणून ही सगळं खाली, सरळ, जाळीला घासून मारायची. बंद हॉलमध्ये तो मार गोफणीच्या दगडासारखा यायचा. बघता बघता पहिला गेम तिनं माझ्या हातातून काढून घेतला. माझे कान तापले. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी आतून उकळ्या फुटत होत्या. आता खरं खेळायचं, म्हणून मी बुटाची नाडी आवळली.

मधल्या सुट्टीत आमच्या गाडीसोबत आलेला अण्णांचा माणूस तिच्याकडे पाण्याची बाटली घेऊन गेला. गड्याचा स्वभाव खरंच चांगला, उन्हात कुणी दिसलं की पाणी देणारच. त्यानं फक्त विचारलं, “कुनाची गं तू?” तिनं सांगितलं. “म्हंजे आपल्याच हिरीवरची की!” तो हसून म्हणाला आणि येऊन बसला.

बस, एवढंच. पुढची सर्व्हिस तिनं जाळीत मारली. त्याच्या पुढचीही. मी शटल द्यायचं निमित्त करून जाळीपाशी गेले.

“कावून सोडायलीस गं?”

“खेळा ना ताईसाहेब गुमान,” ती ओठ न हलवता म्हणाली. “आमची मेंढरं तुमच्या रानात बसत्यात.”

आमच्याकडे ज्वारी निघाली की मेंढपाळ शेतात मेंढरं बसवतात. रानाभोवती जाळी लावायची, रात्री कळप आत ठेवायचा. जमिनीला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला शेतकऱ्याकडून धान्य. पण आष्टीच्या भागात धान्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे विहीर. उन्हाळ्यात कुणाच्या विहिरीवर कळपाला पाणी पाजू देतात, त्यावर त्या घराचं वर्ष ठरतं. तिचा बाप वर्षानुवर्षं आमच्या विहिरीवर यायचा. त्याला कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. म्हणूनच तर भीती.

मी जिंकले. पुण्याला गेले, आणि चहाला उकळी यायच्या आत हरून बाहेर आले. तिथल्या मुलीला बिचारीला अण्णा कोण ते माहीत नव्हतं. परत आले तर फाट्यावर नवा फ्लेक्स, ‘राज्यस्तरीय खेळाडू’. त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर गंमत.

अण्णा अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. मी सरळ जाऊन उभी राहिले.

“अण्णा, लोकं माझ्याशी मुद्दाम हरत्यात.”

“मी कुणाला काय सांगितलंय का?”

“न्हाई.”

“मग?”

“तेच तर! तुमी न सांगताच हरत्यात.”

अण्णांनी वस्तरा थांबवला. त्यांना खरोखर कळत नव्हतं की ही कशावरून चिडली. “बाई, लोकं मान देत्यात. मान काय कुणी परत करतं का? लोकं जलमभर झिजत्यात त्याच्यासाठी.” मग गालावरचा फेस पुसत त्यांनी सहज सांगून टाकलं की आपला जिल्हा परिषदेचा गट महिलेसाठी राखीव झालाय, आईला बीपी आहे, वहिनीचं बाळ लहान, तुला एकवीस पुरी झालीत, तेव्हा तुझं नाव धरलंय. मला विचारलं नाही, सांगितलं. प्रेमानं सांगितलं, म्हणजे वाद घालायचीही सोय नाही.

त्याच आठवड्यात डेन्मार्कच्या तिनं खेळ सोडला. शेवटची स्पर्धा तिनं तिच्याच देशात खेळली. टाच पुरती बरी झालीच नव्हती, हे तिच्या पहिल्या पावलावरूनच दिसत होतं. समोर कुठली तरी शाळकरी वाटावी अशी पोरगी होती. मला वाटलं, आज तरी ती पोरगी थोडं सांभाळून घेईल, शेवटचा दिवस आहे हिचा. छे! पोरीनं तिला उजवीकडे पळवलं, डावीकडे पळवलं, दुखऱ्या पायावर वळायला लावलं आणि धुऊन काढलं. मॅच संपल्यावर माझी ती जाळीवरून वाकली आणि त्या पोरीला मिठी मारून हसली, मग रडली. इतकी वर्षं खेळून ती नेमकी कुठवर पोचली, कुणाला पुरी पडली, कुणाला नाही, सगळं तिला माहीत होतं. मी उशीत तोंड खुपसून रडले. आईला वाटलं, निवडणुकीच्या टेन्शननं. “रडू नको बाई, सवय होईल,” म्हणत ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

फॉर्म भरायच्या आत मला एकदा खरं खेळायचं होतं; पुण्यातलं काही कळायच्या आतच संपलं होतं. माझी किंमत काय ते एकदा समजून घ्यायची होती. नंतर मी कायमची फ्लेक्सवर जाणार होते, तिथून कुणी उतरत नाही.

तेव्हा ज्वारीचं रान मोकळं झालं होतं आणि बीडला माझ्याशी हरलेल्या त्या पोरीचा कळप आमच्याच शेतात बसला होता. मी चालत गेले. ती एका लंगड्या कोकराला मांडीवर घेऊन त्याच्या खुरातला काटा काढत होती. मला बघून उठायला लागली, मी बस म्हटलं, तरी उठलीच.

“माझ्यासंगं खेळशील? हॉलमदी. दोघीच, कुणी बघायला न्हाई. पण खरं.”

“न्हाई ताईसाहेब.”

“मला माहीत करून घ्यायचंय.”

“काय?”

“मला खेळता येतं का न्हाई.”

तिनं काटा बोटावर घेऊन बघितला, फेकला. माझ्याकडे तिनं पहिल्यांदा नीट बघितलं, बहुतेक मी वेडी आहे का ते पडताळायला. “न्हाई येत,” ती म्हणाली आणि लगेच घाबरून जीभ चावली. मी इतकी हसले की मेंढरं बिचकली. मग तीही हसली. दुपारी येते म्हणाली.

दुपारी ती आली, चपला दारात काढून. अनवाणीच खेळली. पहिल्या दोन-चार गुणांत तिचा हात आखडत होता, हे मला आता ओळखता यायला लागलं होतं. मी ओरडले, “असं करायचं असंल तर जा घरी!” त्यावर तिचा चेहरा बदलला. पुढचं शटल माझ्या कानाजवळून गेलं. त्याच्या पुढचं माझ्या बॅकहँडला. त्याच्या पुढचंही तिथंच. तिनं माझी कच्ची जागा हुंगून काढली होती आणि ती तिथून हटायला तयार नव्हती. मी धापा टाकत एक उंच मारलं, मागच्या रेषेकडं गेलं.

“भाईर!” ती ओरडली.

मी जागच्या जागी थांबले. “काय म्हणालीस?”

“भाईर गेलं, ताईसाहेब. लई भाईर.”

मी कोण ते माहीत असूनही जन्मात पहिल्यांदा मला कुणी बाहेर म्हणालं होतं. मला तिचा मुका घ्यावासा वाटला. तिनं मला दोन्ही गेममध्ये धुतलं. मला दहा गुणसुद्धा करू दिले नाहीत. म्हणजे मी खेळाडू नव्हते. बरी खेळणारी एक मुलगी होते, कुठल्याही क्लबात मधल्या कोर्टावर संध्याकाळी खेळावी आणि घरी जावं अशी. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण घट्ट जोडा काढल्यावर पावलाला वाटतं तसं वाटलं. आम्ही दोघी लाल कोचावर बसून एकाच बाटलीतलं पाणी प्यायलो. “तुमचा पाय चांगला हाय, पन हात उशिरा येतो,” ती म्हणाली. एवढं खरं माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

जेवताना मी सगळ्यांना सांगितलं. सांगितलं कसलं, उड्या मारत सांगितलं. आज मी हरले, तिनं मला हरवलं, काय खेळते पोरगी! मला ते लपवण्यासारखं वाटलंच नाही. अण्णा हसले, “बरं झालं, व्यायाम झाला.” वाढायला असलेल्या बाईनं ते ऐकलं. बाईनं ते आणखी कुणाला सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर माणसं बसलेली असताना तिचा बाप आला. खांद्यावर नवी काळी घोंगडी, मागे ती. बाप अंगणातच थांबला आणि हात जोडून म्हणाला, “अण्णा, लेकरू हाय. चुकलं तिचं. तुमच्या पान्यावर जगून तुमच्याच लेकीवर हात उगारला.”

“अरे, खेळ हाय तो,” अण्णा म्हणाले. “बस, चहा घे.”

पण तो बसेना. तो माझ्याकडे वळला आणि ती घोंगडी त्यानं माझ्या खांद्यावर घातली. घरच्या लोकरीची होती, जड, तिला कळपाचा वास येत होता. मग त्यानं लेकीकडे बघितलं. ती पुढे आली. कालचा तिचा चेहरा कुठंच नव्हता.

“मी न्हाई जिंकले,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “ताईसाहेबांनीच सोडलं मला.”

“खोटं!” मी किंचाळले. “मी काही सोडलं न्हाई! हरले मी! चांगली धुलाई केली हिनं माझी!”

ओट्यावरचा एकजण गदगदून म्हणाला, “बघा! मन बघा किती मोठं!” दुसऱ्यानं डोळे पुसले. पाण्याची बाटली देणारा तो आमचा माणूस माझ्याकडे असा बघत राहिला, की त्याला काहीतरी सुचलंय हे मला कळलं. घोंगडी खांद्यावरून काढायची होती, पण ती काढणं म्हणजे म्हाताऱ्याचा अपमान. तशीच घामाघूम होत उभी राहिले.

प्रचाराची पहिली सभा बाजारतळावर झाली. अण्णांचा तो पाणी देणारा माणूस माझ्या आधी बोलायला उभा राहिला. त्याला बोलता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यानं माझी सगळी मॅच सांगितली. स्वतः राज्यस्तरीय खेळाडू असून मेंढपाळाच्या लेकीला आपल्या हॉलमध्ये बोलावणाऱ्या, तिचं मन मोडू नये म्हणून जिंकत आलेला डाव सोडणाऱ्या ताईसाहेब! वर ते कुणाला कळू न देणाऱ्या ताईसाहेब! बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू आले. त्यानं माइक माझ्या हातात दिला.

ती पहिल्याच रांगेत बसली होती. नवं पातळ, केसांना तेल, शेजारी बाप. मी भाषणाचा कागद बाजूला ठेवला.

“यांनी सांगितलं ते खरं नाही,” मी म्हणाले. “मी काही सोडलं नव्हतं. मी जीव तोडून खेळले आणि हरले. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळते. पुण्याला तिनं जायला हवं होतं. कृपा करून माझ्यावर विश्वास ठेवा.”

सगळा बाजारतळ टाळ्यांनी दणाणला. लोक उभे राहिले, कुणीतरी माझ्या नावानं घोषणा दिली, अण्णांनी रुमाल डोळ्यांना लावला. पण मी तिच्याकडेच बघत होते, म्हणून मला स्पष्ट दिसलं. पहिली टाळी तिनंच वाजवली होती.